‘नाशिकला हलवा’ म्हणण्याआधी : हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांबाबत एक खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, महानगरपालिकेचे मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी. १०८ रुग्णवाहिका सेवेचे जिल्ह्यातील व्यवस्थापक. आणि शहरातील सर्व हृदयरोगतज्ज्ञ यांस,

स.न.वि.वि.

मी शासकीय सेवेतून निवृत्त झालेली अधिपरिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मी याच जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांच्या अपघात विभागात काढली. छातीत कळ घेऊन आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर त्या काळात सर्वाधिक वेळा वाचलेले वाक्य म्हणजे ‘पुढील उपचारासाठी नाशिक येथे संदर्भित’. बोलताना आम्ही त्याला नुसते ‘नाशिकला हलवा’ म्हणायचो. हे पत्र त्या दोन शब्दांविषयी आहे. ते उच्चारण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी काय झाले पाहिजे आणि ते का होत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

एक रात्र सांगते. उन्हाळ कांदा चाळीत भरण्याचे दिवस होते. नाशिकपासून दोन तासांवरच्या आमच्या रुग्णालयात रात्री दहाच्या सुमारास पन्नाशीतला एक शेतकरी मोटारसायकलवर आला. दोन मुलांच्या मध्ये बसवलेला. पुढच्या मुलाने बापाचे दोन्ही हात आपल्या पोटाशी ओढून धरले होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा राखेसारखा, आणि तो स्वतः मात्र ‘काही नाही सिस्टर, पित्त चढलंय, सोडा पिऊन आलोय’ असे समजावत होता. कळ सातलाच सुरू झाली होती. ईसीजीचे यंत्र होते, पण कागदाचा रोल संपलेला, आणि नवा रोल भांडारात कुलपाआड. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांच्या घरी शिपायाला पाठवून रोल हाती येईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. पट्टी निघाली तेव्हा ती वाचायला तज्ज्ञ लागला नसता; छातीवरच्या चार लीडमध्ये, म्हणजे तारांच्या नोंदींत, एसटी रेषा ठळकपणे उचललेली होती, आणि ती मोठ्या झटक्याची खूण. पट्टीच्या कोपऱ्यात यंत्राने तारीख छापली होती १ जानेवारी २०००, कारण त्याचे घड्याळ कोणी कधी लावलेच नव्हते.

वैद्यकीय अधिकारी तरुण होते, बंधपत्राच्या सेवेवर आलेले. त्यांनी ॲस्पिरिन चावायला लावले, रक्त गोठू न देणारी क्लोपिडोग्रेलची गोळी दिली, नाशिकला दोन ठिकाणी फोन लावला. एका ठिकाणी कोणी उचलला नाही, दुसरीकडून ‘पाठवून द्या’ असे उत्तर आले. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. शेवटी गावातल्या जीपमध्ये मागच्या सीटवर आडवे करून त्यांना पाठवले, आणि ते नाशिकला पोचले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. ते वाचले. मात्र पुढच्या हंगामात तपासणीला आले तेव्हा घरापासून चाळीपर्यंत जातानाही मध्ये एकदा बसावे लागते असे म्हणाले.

त्या रात्री रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आमच्या कपाटात होते. ते दिले गेले नाही. दोन महिन्यांनी त्याची मुदत संपली आणि मी स्वतः ते नोंदवहीत मुदतबाह्य म्हणून लिहिले.

त्या डॉक्टरांना मी तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. इंजेक्शन दिल्यावर मेंदूत रक्तस्राव झाला तर काय, ही भीती खोटी नाही. शंभरात एखाद्या रुग्णाच्या बाबतीत तसे घडू शकते. घडले तर नातेवाईक विचारणार, चौकशी लागणार, आणि ‘तज्ज्ञ नसताना तुम्ही हे इंजेक्शन दिलेच कसे’ हा प्रश्न तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला एकट्याला झेलावा लागणार. न देता पाठवलेला रुग्ण वाटेत गेला, तर त्याला कोणी काही विचारत नाही. रुग्ण हलवला की जबाबदारीही हलते, हे आमच्या व्यवस्थेतले न लिहिलेले कलम आहे, आणि दुरुस्तीची सुरुवात इथूनच व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रे आणि गाड्या त्यानंतर.

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो, आणि तो मेला की परत उगवत नाही. धमनी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करण्याच्या खास कक्षात, फुग्याने व स्टेंटने ती उघडणे हा उत्तम मार्ग, पण वेळेत झाला तरच. पट्टीवर निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत हे होणार नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे आणि मग रुग्णाला पुढे न्यावे, असे जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेले आहे. पट्टी पहिल्या दहा मिनिटांत निघावी आणि इंजेक्शन द्यायचे ठरल्यास ते अर्ध्या तासाच्या आत शिरेत जावे, हेही त्यातच येते. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध रुग्णाच्या वजनानुसार एकाच वेळी, पाच-दहा सेकंदांत देता येते. त्यासाठी अतिदक्षता विभागाची गरज नसते. मॉनिटर, डिफिब्रिलेटर (बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारे यंत्र) आणि रुग्णाजवळून न हलणारा एक माणूस मात्र हवा. इंजेक्शन दिले म्हणजे काम संपले असेही नाही. दीड तासात कळ कमी झाली नाही आणि पट्टीवरची उचललेली रेषा निम्म्याने तरी खाली बसली नाही, तर तातडीने कॅथलॅब गाठावी लागते. बसली तरी पुढच्या दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी.

आता हा हिशेब आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर मांडून पाहावा. पंधरा तालुके, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा पसारा, २०११ च्या जनगणनेनुसार एकसष्ट लाखांची वस्ती, आणि हृदयावरील उपचारांची मोठी ठिकाणे जवळपास सगळी नाशिक शहरात. सुरगाणा सुमारे नव्वद किलोमीटरवर, मालेगाव शंभरहून अधिक, येवला ऐंशीच्या आसपास. सिन्नर, ओझर, दिंडोरीकडचा रुग्ण दोन तासांत कॅथलॅबच्या टेबलावर जाऊ शकतो. त्याला वाटेतल्या एखाद्या रुग्णालयात उतरवून पुन्हा चढवणे म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा. सुरगाणा, पेठ, बागलाण, नांदगाव येथल्या रुग्णाचे गणित वेगळे आहे. गाडी यायला लागणारा वेळ, रस्ता, द्वारका चौकातली कोंडी, रुग्णालयाच्या दारातली कागदपत्रे हे सगळे धरले तर दोन तासांचा आकडा केवळ कागदावरच पाळला जाईल. तेव्हा प्रत्येक तालुक्यासाठी, आणि मोठ्या तालुक्यांत प्रत्येक मंडळासाठी, ‘थेट नाशिक’ की ‘आधी इंजेक्शन’ हे आधीच ठरवून, सहीशिक्क्यानिशी भिंतीवर लावलेले असावे. ती रेघ किलोमीटरने आखू नये, रात्री आणि पावसाळ्यात खरोखर लागणाऱ्या वेळेने आखावी.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नाही. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या कॅथलॅबला जोडून, पट्टी दूरवरून वाचून घेऊन, इंजेक्शन जवळच्या ठिकाणी देऊन मग रुग्ण पुढे नेण्याची पद्धत बसवली गेली. तिचा २,४२० रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलेले दिसले. आपल्या राज्यातही ‘स्टेमी’ (एसटी रेषा उचलणाऱ्या झटक्याचे इंग्रजी लघुरूप) या नावाने याच धर्तीचा प्रकल्प काही वर्षांपूर्वी सुरू झाला. माझे म्हणणे इतकेच, की असा प्रकल्प रात्री अकरा वाजता, एका परिचारिकेच्या आणि एका नवख्या डॉक्टरच्या हातात कसा चालतो, यावर त्याची परीक्षा व्हावी. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी बारा वाजता सगळीच यंत्रे चालू असतात.

रात्री अकरा वाजता काय लागते, ते मला नीट माहीत आहे. पहिले म्हणजे परिचारिकेला स्थायी आदेश हवा : तिशीच्या पुढचा कोणीही माणूस छातीत दुखते, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येते, दरदरून घाम सुटला, असे सांगत आला तर डॉक्टर येण्याची वाट न पाहता पट्टी काढावी. मधुमेही रुग्णांत आणि बायकांत कळ नसतेही. नुसता दम, मळमळ, ‘जीव घाबरतोय’ एवढेच असते, आणि बायकांना तर घरचे लोक स्वयंपाक उरकेपर्यंत थांबवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पहिली पट्टी साधी आली तरी घरी पाठवू नये, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी काढावी. ट्रोपोनिन या रक्ततपासणीचा अहवाल येऊ द्या, मग बघू, असे पट्टीवर स्पष्ट दिसत असताना कोणी म्हणू नये.

दुसरे, फोन. आज काय होते, तर पट्टीचा फोटो कोणाच्या तरी ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर जातो. कागदाला घडी पडलेली, ट्यूबलाइटची तिरीप त्यावर, रुग्णाचे नाव-वय नाही, कळ कधी सुरू झाली ते नाही. पलीकडचे डॉक्टर भले असतात म्हणून उत्तर देतात. ती त्यांची ड्यूटी नसते. मला हवा आहे तो जिल्ह्यासाठी एकच क्रमांक, ज्याच्या मागे त्या रात्रीचे नाव ठरलेले हृदयरोगतज्ज्ञ असतील, मग ते विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयाचे असोत, वैद्यकीय महाविद्यालयाचे असोत की खासगी. शहरातील तज्ज्ञांनी आळीपाळीने हे काम घेतले तर एकावर महिन्यातून मोजक्याच रात्री येतील. त्यांनी पट्टी पाहून ‘द्या’ म्हटले की ते शब्द वेळेसह नोंदले जावेत, आणि त्या नोंदीला शासनाचे लेखी संरक्षण असावे : निषिद्ध बाबींची यादी तपासून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने दिलेल्या इंजेक्शनानंतर काही बरेवाईट झाले तर ती ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरची वैयक्तिक चूक मानली जाणार नाही. ही यादी मोठी नाही. पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, अलीकडे पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे का, कुठून रक्त जाते आहे का, रक्तदाब आटोक्याबाहेर आहे का, कळ पाठीत फाटल्यासारखी आहे का. एका पानावर मावते, आणि ते पान लॅमिनेट करून ट्रॉलीला बांधता येते. हे एक परिपत्रक निघाले, तरी कपाटातली निम्मी इंजेक्शने बाहेर येतील.

उरलेली निम्मी लेखापरीक्षणामुळे आत राहतात. महागडे औषध, लहान रुग्णालयात महिन्याला एखादाच रुग्ण. मुदत संपली की ‘विनावापर का राहिले’ असा आक्षेप, म्हणून मागणीच कमी नोंदवायची, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. यावर उपाय साधा आहे. मुदत संपायला चार महिने उरले की ती कुपी जास्त रुग्ण असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे जावी आणि तिथली नवी कुपी लहान रुग्णालयाला मिळावी. आणि किल्ली अपघात विभागातच असावी. हे लिहायला लागावे याचा मला थोडा संकोच वाटतो, पण त्या पंचवीस मिनिटांनंतर मी कुठल्याही बैठकीत सर्वांत आधी किल्लीबद्दलच विचारते.

रुग्णवाहिकांबाबत. २०१४ मध्ये १०८ सेवा राज्यात सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या आणि ७०४ प्राथमिक सुविधांच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर. या सेवेने खेड्यापाड्यांत किती जीव वाचवले, ते बाळंतिणींच्या घरी जाऊन विचारावे. पण हृदयविकाराच्या रुग्णासाठी गाडी म्हणजे नुसते वाहन नव्हे. गाडीतच बारा लीडची पट्टी निघाली आणि ती त्या एका क्रमांकावर गेली, तर निर्णय रुग्णाच्या अंगणातच होतो, आणि पंचवटीत किंवा शालिमारला कॅथलॅबची मंडळी गाडी पोचण्याआधी उठून तयार राहू शकतात. दुसरे असे, की ‘रुग्ण रुग्णालयात आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असे समजून एका रुग्णालयातून दुसऱ्यात न्यायच्या रुग्णाला गाडी उशिरा मिळते, हा माझा अनेकदाचा अनुभव आहे. पट्टीवर झटका दिसलेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात असला तरी तो रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताइतकाच तातडीचा धरावा.

शहरात पोचल्यावरही घड्याळ थांबत नाही, पण आमचे लोक तिथे नेमके थांबतात, तेही काउंटरवर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, अँजिओप्लास्टी त्यात बसते, आणि तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोयही आहे. ती सोय रात्री वापरली जाते का, हे योजनेतील रुग्णालयांना विचारले जावे. मोटारसायकलवर बापाला मध्ये बसवून आणणारा मुलगा रेशनकार्ड बरोबर घेऊन निघत नाही. डिपॉझिट भरेपर्यंत रुग्ण स्ट्रेचरवर ठेवला जाऊ नये, हे तर कायद्यानेच ठरलेले आहे. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले, की जीव वाचवणे हे शासकीय आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे.

रुग्णच उशिरा येतात, मग आम्ही काय करणार, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. ते खरे आहे. ‘क्रिएट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, देशभरातील ८९ रुग्णालयांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे होता, म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याहूनही जास्त लागला. सहा तास. पित्त, गॅस, उन्हाचा तडाखा, सोड्याची बाटली, गावातल्या दवाखान्यातले एक इंजेक्शन, यांत ते जातात. लोकांना सांगायला हवेच, आणि आशाताईंपेक्षा ते चांगले कोणी सांगू शकणार नाही. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, कळवणच्या बाजार समित्यांत लिलावाच्या वेळी ध्वनिक्षेपकावरही सांगता येईल. परंतु सहा तास उशिरा आलेल्या माणसाचे आणखी तीन तास आपण घालवावेत, याला त्याचा उशीर हे कारण होत नाही.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी सध्या सर्वत्र चालू आहे, आणि आरोग्य व्यवस्थेच्या आराखड्यात खाटा व तात्पुरती रुग्णालये येतीलच. रामकुंडावरच्या गर्दीत, त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर साठी-सत्तरीचे भाविक चालत असणार, आणि पर्वकाळात गाडी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तिथे पायी जाणारी पथके, खांद्यावरचे ईसीजी यंत्र आणि डिफिब्रिलेटर लागेल. पोलीस, गृहरक्षक आणि स्वयंसेवकांना छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण लागेल. माझी विनंती त्यापुढची आहे. जी यंत्रे सिंहस्थासाठी खरेदी होतील ती मेळा संपल्यावर कोणत्या तालुक्यात जाणार, हे खरेदीच्या आदेशातच लिहावे. पर्वणी आटोपल्यावर गोदामात पडलेल्या वस्तूंचे काय होते, हे सरकारी नोकरीत राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आता एका नोंदवहीची मागणी. अपघात विभागाच्या नोंदवहीत रुग्णाच्या आगमनाची वेळ असते. पट्टी कधी निघाली, इंजेक्शन कधी दिले, गाडी कधी निघाली, कॅथलॅबमध्ये धमनी कधी उघडली, याचे रकाने नसतात. ते छापून घ्यावेत. सर्व रुग्णालयांची भिंतीवरची घड्याळे आणि ईसीजी यंत्रांची घड्याळे दर सोमवारी जुळवली जावीत. रुग्णांची नावे वगळून प्रत्येक रुग्णालयाचे हे वेळांचे आकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढावा बैठकीत ठेवले जावेत, आणि नंतर वर्तमानपत्रांना दिले जावेत. पहिले काही महिने ते वाईट दिसतील. ज्या रुग्णालयाचे आकडे वाईट, त्याच्यावर नोटीस न काढता तिथे रोल होता का, किल्ली होती का, फोन उचलला गेला का, हे विचारायला कोणीतरी स्वतः जावे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एकदा हे सगळे जुळून आलेले मी पाहिले आहे. एक बाई, वय अठ्ठावन्न, पहाटे चारला आल्या. पट्टी सात मिनिटांत निघाली, नाशिकच्या एका तज्ज्ञांनी पहिल्या रिंगला फोन उचलला, आमच्या मॅडमनी यादी वाचत वाचत इंजेक्शन दिले. चाळीस-पन्नास मिनिटांनी मॉनिटरवर ठोके अचानक वेडेवाकडे पडू लागले आणि आम्ही सगळ्या घाबरलो. फोनवरून सर म्हणाले, ‘घाबरू नका, बहुधा धमनी उघडते आहे, नजर ठेवा.’ थोड्या वेळाने ठोके सुधारले. बाईंनी डोळे उघडले आणि दुधाचा रतीब घालायला कोण गेले, असे सुनेला विचारले. उजाडल्यावर त्यांना नाशिकला हलवले, मॉनिटर लावून, पट्ट्यांच्या तिन्ही प्रती बरोबर देऊन.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्याच शहरात आहे. प्रशिक्षणासाठी कुठे दूर जाण्याची आवश्यकता नाही. ग्रामीण रुग्णालयांतील परिचारिकांना पट्टी काढण्याचे आणि इंजेक्शननंतर रुग्णावर लक्ष ठेवण्याचे धडे देण्यासाठी मी, आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या काही जणी, विनामोबदला यायला तयार आहोत. प्रवासाची सोय आमची आम्ही करू. फक्त तारीख किमान आठ दिवस आधी कळवावी, आणि प्रशिक्षणाच्या दिवशी ईसीजीच्या कागदाचे दोन रोल जास्तीचे ठेवावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अधिपरिचारिका, नाशिक